पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर: विषाणूपासून गाठीपर्यंत दहा-पंधरा वर्षं, ती वाया का घालवायची?

अंगावरून पांढरं जातंय, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसतंय. पण सांगायचं कुणाला? आपल्याकडे अनेक बायका हे अंगावर काढतात आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बराच पुढे गेलेला असतो. २०२२ मध्ये भारतात या कॅन्सरचे सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. वाईट याचं वाटतं, की हा कॅन्सर होण्याआधी पकडता येतो.

विषाणू कोणता?

ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये या विषाणूचा १६ क्रमांकाचा आणि पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा प्रकार या कॅन्सरच्या गाठींत शोधून काढला. त्याआधी संशय हर्पिसच्या विषाणूवर होता. या कामासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के याच दोन प्रकारांमुळे होतात.

विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि तो इतका सर्रास आहे, की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होते. त्यामुळे इथे कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याचं काही कारण नाही. बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला आपोआप हुसकावून लावतं. धोका असतो तो ज्यांच्या शरीरात विषाणू वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, त्यांना.

पेशीत काय बिघडतं?

पेशीत बिघाड झाला की पी-५३ नावाचं प्रथिन तिची वाढ थांबवतं, नाहीतर तिला मारून टाकतं. दुसरं आरबी प्रथिन विभाजनावर ब्रेक लावून ठेवतं. विषाणूचं ई-६ प्रथिन पी-५३ला नष्ट करतं आणि ई-७ आरबीचा ब्रेक सोडवतं. मग पेशी वाढत राहते आणि चुका साचत जातात. पण हे एका रात्रीत होत नाही. लागणीपासून कॅन्सरपर्यंत सहसा दहा-पंधरा वर्षं किंवा जास्तच जातात.

उपचार कुठवर आले?

विषाणूला शरीरातून घालवणारं औषध अजून नाही. मात्र कॅन्सरपूर्व डाग सापडला तर तो गोठवून, उष्णतेने जाळून किंवा तारेच्या कडीने काढून टाकता येतो. कॅन्सर झालाच, तर टप्प्यानुसार शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो. पुढच्या टप्प्यातल्या काही रुग्णांसाठी केमो-रेडिएशनसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला मोकळं करणारं औषध देण्यास अमेरिकेत २०२४ मध्ये मंजुरी मिळाली.

संशोधकांचा रोख आता ई-६ आणि ई-७वर आहे. प्रयोगशाळेत ही दोन प्रथिनं बंद केली, की कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबते. निरोगी पेशींत ती नसतातच. म्हणून ती ओळखून हल्ला करायला प्रतिकारशक्तीला शिकवणाऱ्या उपचारात्मक लसींच्या चाचण्या सुरू आहेत. पण त्या हातात येईपर्यंत थांबून चालणार नाही.

धाराशिवने काय दाखवलं?

उत्तर आपल्या शेजारीच सापडलं. उमरग्यापलीकडे कर्नाटक लागतो, त्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निकाल आले. एचपीव्ही चाचणी एकदाच देऊ केलेल्या सुमारे ३४ हजार महिलांच्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच आरोग्यसेवेवर असलेल्या साडेएकतीस हजारांच्या गटात ६४. त्या गटाला तपासणी न देण्यावरून पुढे वादही झाला. पण हिशेब स्पष्ट आहे: आयुष्यातल्या एका चाचणीने मृत्यू निम्म्यावर आले.

आपण काय करायचं?

मुलींना ९ ते १४ वयात लस द्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली आहे. लस नवी लागण रोखते, जुनी बरी करत नाही. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने तपासणी करावी, काही त्रास नसला तरीही. एचपीव्ही चाचणी परवडत नसेल तर सरकारी केंद्रात ॲसेटिक ॲसिड लावून केलेली तपासणी विचारा. त्यात काही मिनिटांत संशयित भाग पांढरा दिसतो. राज्य कुठलंही असो, राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील महिलांसाठी ती दर पाच वर्षांनी ठरलेली आहे.

आणि पुरुष वाचकांनो, ही बातमी फक्त बायकांची नाही. आई, बायको, वहिनी यांना तपासणीला घेऊन जायचं काम आपलंही आहे.