समुद्राच्या गाळातील जुनी थकबाकी

शिरूर अनंतपाळहून समुद्र शेकडो मैल दूर. मग समुद्रतळाच्या गाळात साचलेल्या विषाशी आम्हा कापड व्यापाऱ्यांचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या घरणी नदीचे पाणी मांजरेत, मांजरेचे गोदावरीत व गोदावरीचे बंगालच्या उपसागरात जाते. पाण्याबरोबर मातीही जाते.

डीडीटी, बीएचसी, डिल्ड्रिन ही क्लोरीनयुक्त कीटकनाशके. हिवताप निर्मूलनासाठी घरोघरी भिंतींवर डीडीटी फवारली गेली. बीएचसीची पावडर पिकांवर धुरळली गेली. ही द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, मातीच्या बारीक कणांना चिकटतात. ते कण वाहत जाऊन समुद्राच्या तळाशी बसतात. तेथे ऊन पोहोचत नाही, प्राणवायू कमी, म्हणून विघटन फार सावकाश होते. गाळातील किडे व शिंपले हे विष घेतात; त्यांना मासे खातात, माशांना पक्षी व माणूस. विष चरबीत साठत असल्याने पायरीगणिक त्याचे प्रमाण वाढते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना १९८० च्या दशकात अरबी समुद्र व बंगालचा उपसागर, दोन्हींच्या गाळात अशा कीटकनाशकांचे अंश आढळले.

याच जातीचे पेंटाक्लोरोफेनॉल आपल्या धंद्यातले. सुताच्या खळीला आणि चामड्याला बुरशी लागू नये म्हणून ते वापरत. जर्मनीने १९८९ मध्ये कायदा करून किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पेंटाक्लोरोफेनॉल असलेल्या मालाला दार बंद केले. निर्यातदारांना रातोरात दुसरे द्रव्य शोधावे लागले. पुढे भारतातही त्यावर बंदी आली.

शेतीतील डीडीटी १९८९ मध्ये, तर बीएचसी १९९७ मध्ये बंद झाली. अशा द्रव्यांविरुद्धचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला. भारताने तो २००६ मध्ये स्वीकारला. पण वापर थांबला म्हणून खाते मिटत नाही. पूर, वादळ किंवा बंदरातील उपसा यांनी गाळ ढवळला की जुनी थकबाकी पुन्हा वर येते.

म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांना आमचे सांगणे एवढेच. गोदामात जुनी पावडर पडून असेल तर ती कापडाच्या गठ्ठ्यांवर किंवा धान्यावर मारू नका. नदी-नाल्यात टाकू नका, जाळूही नका. जाळल्याने अधिक घातक वायू निघतात. डबा घट्ट बंद करून मुलांपासून दूर ठेवा व तालुका कृषी कार्यालयात विचारा. बाहेरदेशी जाणारा माल घेताना खळीत काय घातले, हे लेखी मागा. आज विचारलेला एक प्रश्न उद्या परत येणारा माल वाचवतो.