यमककोडी आणि इंग्रजी उच्चारांतील प्रादेशिक भेद

अमेरिकेतील शाळांत 'हिंक-पिंक' या नावाचा एक शब्दखेळ रूढ आहे. विचारणारा एखादे वर्णन देतो आणि उत्तर देणाऱ्याने परस्परांशी यमक जुळणारे दोन शब्द शोधावयाचे असतात. 'लठ्ठ मांजर' म्हटले की उत्तर 'फॅट कॅट'. प्रत्येक शब्दात एकच स्वर ऐकू येत असेल तर 'हिंक-पिंक', दोन असतील तर 'हिंकी-पिंकी'. म्हणजे खेळाच्या नावातच उत्तराची खूण दडलेली असते. वरकरणी बालिश वाटणारा हा खेळ उच्चारशास्त्राच्या अभ्यासकास मात्र उद्बोधक ठरतो, कारण उत्तराची ग्राह्यता येथे लेखनावर नव्हे, तर बोलणाऱ्याच्या प्रदेशावर अवलंबून असते.

'घोड्यासाठी केलेली चटणी' हे कोडे घेऊ. 'हॉर्स सॉस' हे उत्तर लंडनमध्ये निर्दोष आहे, कारण तेथे स्वरानंतरचा 'र' व्यंजनापूर्वी उच्चारला जात नाही. स्कॉटलंड, आयर्लंड व अमेरिकेचा बहुतांश भाग येथे तो स्पष्ट ऐकू येत असल्याने यमक मोडते. लंडनकरांचा 'र' क्षीण होत असल्याची नोंद जॉन वॉकर याने १७९१ च्या आपल्या उच्चारकोशात केली होती. याच वॉकरने १७७५ मध्ये यमककोशही सिद्ध केला होता, हा योगायोग खचितच नसावा.

'गरम विचार' या कोड्याचे 'हॉट थॉट' हे उत्तर कॅलिफोर्निया, कॅनडा आणि स्कॉटलंड येथे चालेल. लंडन वा न्यूयॉर्क येथे नाही, कारण तेथे हे दोन स्वर भिन्न आहेत. याउलट 'गवतापासून निघणारा वायू' याचे उत्तर लीड्समध्ये व अमेरिकेत यमकबद्ध आहे. लंडनमध्ये पहिल्या शब्दात दीर्घ 'आ' असल्याने 'ग्रास' आणि 'गॅस' जुळत नाहीत. या वर्गातील शब्दांमधला दीर्घ 'आ' वॉकरला ग्राम्यतेकडे झुकणारा वाटत असे. आज आपण तोच प्रतिष्ठित म्हणून शिकवतो!

लंडनच्या पूर्व भागातील यमकाधिष्ठित बोलीचे (हॉटनच्या १८५९ च्या कोशात तिची दखल आहे) उदाहरणही बोलके आहे. या बोलीत 'खैबर पास' म्हणजे नितंबवाचक एक ग्राम्य शब्द. हे यमक जुळण्यास दीर्घ 'आ' आणि 'र' चा लोप या दोन्ही गोष्टी लागतात. लीड्समध्ये पहिली नाही, स्कॉटलंडमध्ये दोन्ही नाहीत.

आता आपल्या वर्गाकडे वळू. मराठी भाषक विद्यार्थी सामान्यतः लेखनातील प्रत्येक 'र' उच्चारतो. त्यामुळे 'हॉर्स' आणि 'सॉस' त्याला अमेरिकन माणसाप्रमाणेच विजोड वाटतात. देवनागरीतील 'ऑ' हे चिन्ह ऱ्हस्व-दीर्घाचा भेद दाखवीत नाही, म्हणून 'हॉट' व 'थॉट' अनेकांना स्कॉटिश माणसाप्रमाणे सयमक वाटतात. 'ग्रास' मात्र तो लंडनच्या वळणाने म्हणतो. त्याचा हा यमकनकाशा इंग्रजी मातृभाषा असलेल्या कोणत्याही एका प्रदेशाशी तंतोतंत जुळत नाही. तथापि त्याला अंतर्गत सुसंगती आहे.

उच्चारशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत 'यमक जुळणाऱ्या जोड्या ओळखा' असा प्रश्न येतो, तेव्हा ही बाब केवळ मनोरंजक राहत नाही. 'हॉट–थॉट' ही जोडी निवडणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण प्रस्तुत लेखकानेही अनेकदा कापले आहेत. एडिंबरोच्या परीक्षकाने ते दिले असते. अभ्यासक्रमात दक्षिण इंग्लंडचा प्रमाण उच्चार नेमलेला असेल, तर त्यानुसार मूल्यमापन करण्यास हरकत नाही. पण तसे प्रश्नातच छापलेले असावे. ते छापलेले नसेल, तर आदर्श उत्तरपत्रिकेत दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत.