गॉटिंगेनचे घड्याळ, अलिबागची सुई

'अलिबागसे आया है क्या?' या प्रश्नाला मी हल्ली सविस्तर उत्तर देतो. निवृत्त भूगोल शिक्षकाला दुसरे काम काय! हो, अलिबागहूनच. समुद्राजवळ आमची चुंबकीय वेधशाळा आहे. ओहोटीची वाट बघत किल्ल्याकडे नजर लावून बसलेल्या पर्यटकांना तिचा पत्ता नसतो. तिच्या बांधकामात लोखंड नाही, कारण तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीक चढउतार टिपायचे असतात आणि त्यांतल्या बऱ्याच खोड्या सूर्याच्या असतात.

या कामाची कल्पना जर्मनीतल्या गॉटिंगेनची. गाउस आणि वेबर यांनी १८३०च्या दशकात वेगवेगळ्या देशांतल्या निरीक्षकांना एका शिस्तीत बांधले: ठरल्या दिवशी सर्वांनी गॉटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे दर पाच मिनिटांनी चुंबकाची सुई वाचायची. एकाच गावची सुई हलली तर दोष गावातल्या कशाचाही असेल. सगळीकडच्या एकदम हलल्या तर कारण बाहेर शोधावे लागते. पुढे इंग्रजांनी हे जाळे वाढवले. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून नोंदी सुरू झाल्या. (कंपनी सरकारला ज्ञानाचा फार पुळका होता असे नव्हे, तिची जहाजे होकायंत्रावर चालत.) टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत नोकरीला होते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत होता. डागांपाशी पांढऱ्या उजेडाचे दोन ठिपके झळकले आणि पाचेक मिनिटांत विझले. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. तारायंत्रे बिघडली, क्यूबापर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत नोंदीची रेषा कागदाबाहेर गेली. मुंबईत तेव्हा दिवस होता, आकाशात दिसण्यासारखे काही नव्हते. पण कुलाब्याची माणसे डोळ्यांनी वाचून आकडे लिहीत राहिली: चुंबकीय बलाचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळला, मग सावरू लागला.

त्या आकड्यांचे मोल कळायला २००३ साल उजाडले. अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखिना व ॲलेक्स यांनी कुलाब्याच्या नोंदींवरून त्या वादळाचा जोर मांडला. त्या घसरणीत पृथ्वीभोवती फिरणाऱ्या विद्युतप्रवाहाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण भांडायला आकडे आहेत, ही मला मोठी गोष्ट वाटते.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुया बिथरणार हे उघड होते. म्हणून १९०४ मध्ये वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली हे काम अलिबागला आले. दोन्हीकडच्या मोजण्या १९०६ पर्यंत जोडीने चालल्या, नाहीतर जुन्या नोंदींशी नव्यांचा सांधा जुळला नसता.

शीतयुद्ध ऐन भरात असताना, जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, अमेरिका आणि सोव्हिएत रशियाही याच कामात सामील झाले. नोंदी सर्वांना मिळाव्यात म्हणून जागतिक माहिती केंद्रे निघाली ती तेव्हाच.

आता आपले 'आदित्य-एल१' यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्याकडून येणारे वारे मोजते. अमेरिकेची यानेही त्याच भागात आहेत. मे २०२४ च्या वादळात लडाखमध्ये हानलेचे आकाश लाल झाले होते. एवढी याने वर असताना जमिनीवरच्या सुया कशाला, असे मला विचारतात. यान येणाऱ्या वाऱ्याची वर्दी देते. तो पृथ्वीवर पोचून काय करतो ते जमिनीवर मोजावे लागते, आणि तेही एकाच वेळी अनेक देशांत. अलिबागचे आकडे त्यासाठीच 'इंटरमॅग्नेट' या जागतिक जाळ्यात जातात.