संचालक मंडळ : मालक नव्हे, विश्वस्त

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्याची भूमी वरून कापसाची, तर पोटातून चुनखडीची आहे. या चुनखडीच्या आधारे आवाळपूर येथे 'लार्सन अँड टुब्रो' कंपनीने १९८३ साली सिमेंटचा कारखाना चालू केला. पुढे २००४ साली खाण तीच, भट्टी तीच राहून कारखान्याचा धनी मात्र बदलला. हा पालट कोरपन्यात ठरला नाही. तो मुंबईत, संचालक मंडळाच्या बैठकांत ठरला. ज्याच्या निर्णयाने दूरच्या खेड्यातील चूल पेटते किंवा विझते, ते मंडळ कसे असावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ धनिकांचा नव्हे.

मोठ्या कंपनीचे भागधारक लक्षावधी असतात. त्या सर्वांनी कारभार पाहणे अशक्य, म्हणून ते संचालक निवडतात. नित्याचा कारभार अधिकाऱ्यांनी करावा. संचालकांनी प्रमुख अधिकारी नेमावा, धोरण ठरवावे, हिशेब तपासावे आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारावे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मंडळाच्या वर्षाकाठी निदान चार बैठका व्हाव्या लागतात, आणि शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीत किमान एकतृतीयांश संचालक स्वतंत्र, म्हणजे चालकांशी हितसंबंध नसलेले, असावे लागतात.

या नियमांचे मर्म लार्सन अँड टुब्रोच्या इतिहासात दिसते. ही कंपनी कोणा एका घराण्याची नव्हती. नोव्हेंबर २००१ मध्ये रिलायन्सने आपल्याजवळचे सुमारे दहा टक्के भाग 'ग्रासिम'ला प्रत्येकी ३०६ रुपये ६० पैसे या, बाजारभावाहून पुष्कळ चढ्या, दराने विकले. पुढील वर्षी ग्रासिमने इतर भागधारकांपुढे जाहीर प्रस्ताव ठेवला, तो १९० रुपयांचा! ग्रासिम स्वतःही सिमेंट बनवी, आणि तिचे प्रतिनिधी आता मंडळावर बसले होते. प्रतिस्पर्ध्याने घरात बसून घरचा हिशेब पाहावा, असा हा पेच होता. दीर्घ वाटाघाटींनंतर सिमेंटचा व्यवसाय वेगळा काढून त्याचा ताबा ग्रासिमकडे गेला. आवाळपूरचा कारखाना 'अल्ट्राटेक'चा झाला. उलट, ग्रासिमकडील लार्सन अँड टुब्रोचे भाग कर्मचाऱ्यांच्या हितार्थ स्थापिलेल्या न्यासाने घेतले. सिमेंट गेले, परंतु अभियांत्रिकीची मूळ कंपनी कोणाच्या अंकित झाली नाही.

मंडळाने नंदीबैलाप्रमाणे मान डोलावली तर काय होते, हे हैदराबादच्या 'सत्यम'ने दाखविले. १६ डिसेंबर २००८ रोजी तेथील मंडळाने, त्यात नामांकित विद्वान असूनही, अध्यक्षांच्या कुटुंबाच्या दोन कंपन्या विकत घेण्याचा ठराव संमत केला. भागधारकांच्या गदारोळामुळे तो तत्काळ मागे घ्यावा लागला. आणि ७ जानेवारी २००९ रोजी खुद्द अध्यक्षांनीच हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. कुंपणच शेत खाऊ लागले असता राखणदार विद्वान आहे की नाही, याला महत्त्व नाही. तो जागा आहे की नाही, याला आहे.

जागा संचालक कसा ओळखावा? तो कागदपत्रे आगाऊ मागतो व वाचून येतो. लेखापरीक्षकाशी अधिकाऱ्यांच्या गैरहजेरीत बोलतो. ज्या व्यवहारात आपला स्वार्थ आहे तो आधी उघड करतो आणि त्या चर्चेतून दूर राहतो. पटले नाही तर आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतो.

तथापि त्याचे कर्तव्य भागधारकांपाशीच संपत नाही. उपरोक्त कायद्याच्या १६६ व्या कलमाने कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचे हित पाहण्याची जबाबदारीही संचालकावर टाकली आहे. कोरपन्यातील ज्या शेतकऱ्याच्या बांधालगत खाण आहे, त्याला कंपनीच्या सर्वसाधारण सभेत मत नाही. त्याच्यापाशी एकही भाग नाही. धूळ किती उडते, पाणी कोठे मुरते, हे त्याच्या वतीने त्या बैठकीत विचारू शकणारा माणूस म्हणजे संचालक. तो विचारील, तरच त्याला विश्वस्त म्हणावे.