पालघरचं जंगल: ऐकीव आणि खरं

बोईसरला उतरून जंगलात जायचंय, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. तिथे कारखाने आणि अणुवीज केंद्र, जंगल कुठलं? हसणाऱ्याचंही फार चुकत नाही. तारापूरचं केंद्र देशातलं पहिलं, १९६९पासून वीज देणारं. गाव त्याच नावाने ओळखलं गेलं, आणि रुळांच्या पूर्वेकडे बघायचं राहून गेलं. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीत उतरलं की काळदुर्गाची वाट सुरू होते. माथ्यावर कातळाचा मोठा चौकोनी ठोकळा आहे. तिथून एकीकडे देवकोपचा तलाव आणि सूर्या नदी दिसते, तर हवा स्वच्छ असेल तेव्हा दुसरीकडे समुद्र. मस्तान नाक्याच्या पुढे महामार्गालगत अशेरीगड आहे. दक्षिणेला वसईजवळ तुंगारेश्वर, २००३ साली अभयारण्य झालेलं, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं. पूर्वेला वाडा-मोखाड्यापासून शहापूरपर्यंत पसरलेलं तानसा. जंगल भरपूर आहे. घोळ आहे तो कधी जायचं आणि काय बघायचं याचा.

बहुतेक जण जुलैत जातात. डोंगर हिरवागार, धबधबे सुरू. मग प्राणीही तेव्हाच दिसणार, असा हिशेब. प्रत्यक्षात प्राणी बघायला याहून वाईट काळ नाही. रान इतकं दाट होतं की दहा पावलांवरचं भेकर दिसत नाही. शिवाय पाणी सगळीकडे असल्यामुळे एखाद्या पाणवठ्यावर येण्याची जनावराला गरजच उरत नाही. म्हणून तर राज्यातल्या अभयारण्यांत मचाणावर बसून होणारी प्राणीगणना वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला ठेवतात: पाणवठे मोजके उरलेले, झाडं उघडी, वर पूर्ण चंद्र. अर्थात पावसाळा फुकट जातो असं नाही. बेडूक, फुलपाखरं, कीटक, रानफुलं यांचे दिवस तेच. नवरंग पक्षी पावसाच्या तोंडावर येतो आणि इथेच घरटं करतो. पण हे सगळं बघायला धबधब्याखालची गर्दी आणि पाठीवरच्या पिशवीत कोकलणारा स्पीकर सोडून जावं लागतं. धबधब्यांवर दरवर्षी माणसं बुडतात, त्यामुळे जिल्हा प्रशासन पावसाळ्यात अनेक ठिकाणी जायला बंदीही घालतं. निघण्याआधी चौकशी केलेली बरी.

दुसऱ्या टोकाचा गैरसमज मार्चमध्ये ऐकू येतो. डोंगर तपकिरी झाला, म्हणजे जंगल मेलं. काही जण थंडीने पानं झडली असंही सांगतात. पालघर कर्कवृत्ताच्या खूप दक्षिणेला आहे, साधारण १९.७ अंशांवर, इथल्या थंडीने कुठलं झाड झडणार? वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुढचे आठ महिने जमिनीतल्या ओलाव्यावर काढायचे तर पानांवाटे उडून जाणारं पाणी वाचवावं लागतं. साग, ऐन, मोह, पळस, सावर पानं टाकतात ती त्यासाठी. आणि उघड्या फांद्यांवरच पळस आणि सावर फुलतात. लांबून वाळका दिसणारा डोंगर जवळ जाऊन पाहिला तर सावरीच्या एकेका झाडावर मैना, कोतवाल, बुलबुल यांची झुंबड असते. माझं मत विचाराल तर डिसेंबर ते मार्च हाच इथे चालण्याचा काळ. पहाटे निघावं, उन्हं चढण्याआधी उतरावं.

वाळलेल्या रानाला लागणारा वणवाही निसर्गाचाच भाग, असं म्हणण्याची पद्धत आहे. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाने लावलेले किंवा माणसाच्या निष्काळजीपणातून पेटलेले असतात. त्यात जमिनीवरची घरटी, सरडे आणि उगवती रोपं जातात.

आता बिबट्या. ‘बिबट्या गावात घुसला’ ही बातमी ठरलेली, आणि लगेच ‘पकडून लांब सोडा’ ही मागणीही. बिबट्या घुसत नाही, बहुतेक वेळा तो तिथेच राहत असतो. कुत्री, डुकरं, शेळ्या यांच्यावर तो गावाच्या कडेला निभावतो, तेही कुणाला न दिसता. पकडून दुसरीकडे सोडण्याचा प्रयोग जुन्नर परिसरात २००१ ते २००३ या काळात मोठ्या प्रमाणावर झाला. नंतरच्या अभ्यासात दिसलं की माणसांवरचे हल्ले त्यामुळे वाढले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर तिथे स्वस्थ बसतही नाही. २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून, वसईची खाडी ओलांडून तो थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने कुणा माणसाला इजा केली नाही. २०११ साली तो मेला तो रस्त्यावर, वाहनाच्या धडकेने.

वारली लोकांनी हा शेजार कधीचाच धरून ठेवला आहे. ज्या खिंडीतून काळदुर्गावर जायचं, तिला नाव वाघोबाचं आहे आणि तिथे त्याचं मंदिरही आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत संशोधकांनी वाघोबाची सुमारे दीडशे ठाणी नोंदवली. २०२१ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला पूजा होते. शहरातून आलेले याला ‘आदिवासींना वाघाची भीतीच नसते’ असं गोड रूप देतात. तसं नाही. शेळी जाते तेव्हा नुकसान होतंच, रागही येतो. भीती आहे म्हणून तर देवाशी करार आहे: आम्ही तुला मान देतो, तू आमचं राख.

बिबट्या दिसला नाही तर फेरी वाया, हा हट्ट मात्र सोडावा. तानसाच्या जंगलात रानपिंगळा आहे. हे छोटं घुबड १८८४नंतर कुणाच्या नोंदीत आलं नव्हतं. मधल्या काळातली १९१४ची एक नोंद होती, पण ती पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागन याने संग्रहालयातला नमुना चोरून त्याला लावलेली खोटी चिठ्ठी निघाली. ती बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर गेलेल्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना १९९७ साली शहाद्याजवळ हा पक्षी सापडला, ११३ वर्षांनी. तानसात तो २०१४ साली नोंदला गेला. घुबड म्हणजे रात्रीचा पक्षी, हा समज धरून संध्याकाळची वाट बघत बसाल तर हा हुकेल; रानपिंगळा दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो.

राहिले साप. साप माणसाच्या मागे लागत नाही. दंश झाला तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. हातपाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालय गाठावं. ओळख पटवायला साप मारून नेण्याची गरज नसते. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रच चालतं. पावसाळी रानात फांदीवर वेटोळं करून बसणारा हिरवा चापडा या चौघांत नाही. त्याच्या दंशाने खूप सूज आणि वेदना होतात, जीव सहसा जात नाही, पण रुग्णालय टाळायचं नाही. तो हाताच्या उंचीवर बसतो, तेव्हा चढावर तोल सावरायला फांदी धरण्याआधी तिच्याकडे एकदा बघून घ्यावं.