साठीची तरतूद विशीत
आमच्या शाहपुरात कितीतरी घरं केळीवर चालतात. नोकरदारासारखा पीएफ शेतकऱ्याला नाही. म्हातारपणी मुलांकडेच बघायचं. म्हणून मला वाटतं, कमवायला लागताच आपण स्वतःचं खातं उघडावं.

पहिला पर्याय अटल पेन्शन योजना. ही २०१५पासून आहे. वय १८ ते ४० हवं. प्राप्तिकर भरणाऱ्यांना मात्र ऑक्टोबर २०२२पासून यात नव्याने येता येत नाही. साठीनंतर दरमहा ५,००० रुपये हवे असतील, तर अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिन्याला २१० रुपये पुरतात, चाळिसाव्या वर्षी १,४५४ लागतात. उशिराची किंमत ही अशी! केळीचा पैसा दरमहा येत नाही ना? मग सहामाही हप्ता निवडा. फक्त त्या तारखेला बँकेत शिल्लक ठेवा, नाहीतर दंड बसतो.

पण चाळीस वर्षांनी ५,००० रुपयांत काय येणार? ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. म्हणून जोडीला पोस्टात पीपीएफ काढा. मुदत १५ वर्षं, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. केळीला भाव मिळाला त्या वर्षी जास्त भरा. पडला तर किमान ५०० रुपये भरून खातं चालू ठेवा. आणि दोन्हीकडे वारसाचं नाव लिहायला विसरू नका.