रॅम घेण्याआधी खाच पाहा

जुना डेस्कटॉप रखडू लागला की रॅम वाढवावीशी वाटते. दुकानात जाण्याआधी वीज बंद करून कॅबिनेट उघडा आणि आतली पट्टी नीट पाहा. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना २८८ पिना. तरीही एकीच्या जागी दुसरी बसत नाही, कारण पिनांच्या रांगेतली खाच वेगळ्या ठिकाणी असते. व्होल्टेजही निराळे: १.२ आणि १.१. म्हणून पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. वेगाचे तसे नाही. ३२०० च्या जोडीला २६६६ ची पट्टी लावली, तर सहसा दोन्ही २६६६ नेच चालतात. शक्यतो सारख्या दोन पट्ट्यांचा जोड घ्या आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्येच लावा. खरेदीला जाताना मदरबोर्डचा मॉडेल क्रमांक लिहून न्या.